बत्तीस हंगाम आणि एक कोपर

जानेवारी १९७९. कॅनडातल्या एडमंटन शहरात आइस हॉकीचे तीन सामने झाले. एका बाजूला मॉस्कोचा डायनॅमो संघ, दुसऱ्या बाजूला वर्ल्ड हॉकी असोसिएशन या उत्तर अमेरिकेतल्या लीगचे निवडक खेळाडू. या निवडक संघाच्या आघाडीच्या एका फळीत तिघे होते. एकाचं वय सतरा, दुसऱ्याचं तेवीस, तिसऱ्याचं पन्नास. सतरा वर्षांचा तो वेन ग्रेट्स्की, ज्याच्या नावावर पुढे या खेळातले बहुतेक सगळे विक्रम लागले. तेविशीतला मार्क हाऊ. आणि पन्नाशीचा मार्कचा बाप, गॉर्डी हाऊ. जुन्या खेळाडूचा मान म्हणून त्याला दोन मिनिटं उतरवलं होतं, असं नव्हे. तो त्या वर्षीही पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू होता, आणि तिन्ही सामने त्याच्याच संघाने जिंकले.

पन्नाशीत खेळणारे खेळाडू इतरत्रही सापडतील. पण हा खेळ कोणता, ते समजून घेतलं की या माणसाच्या कारकिर्दीपुढे थक्क व्हायला होतं. मला तर ती जितकी कळत जाते तितकी जास्त अचंबित करते.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मैदान येतं, ध्यानचंद येतात. इथे मैदानाच्या जागी असतो बर्फ. एनएचएल या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमधलं रिंक सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असतं. काँक्रीटच्या गारठवलेल्या लादीवर पाण्याचे थर एकावर एक गोठवत नेऊन हा बर्फ तयार करतात. त्याची जाडी जेमतेम तीन सेंटिमीटर आणि तापमान उणे पाच अंशांच्या आसपास. हा बर्फ निसरडा का असतो, याचं उत्तर शाळेत अनेकांना चुकीचं मिळतं. स्केटच्या पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो, असं सांगितलं जातं. पण माणसाच्या वजनाने पडणारा दाब त्याला पुरत नाही. खरी गोष्ट जास्त सुंदर आहे. बर्फाच्या अगदी वरच्या थरातल्या रेणूंना धरून ठेवायला वरून कोणी नसतं. त्यामुळे शून्याच्या खालीही तो थर पुरता घट्ट होत नाही, जवळजवळ पाण्यासारखा हलता राहतो. मायकेल फॅरडेने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच ही शंका बोलून दाखवली होती. घर्षणातून निर्माण होणारी उष्णता त्यात भर घालते.

या हलत्या थरावरून खेळाडू धावतो. स्केटचं पातं खालून किंचित खोलगट घासलेलं असतं, त्यामुळे त्याला दोन धारा येतात. पाय सरळ ठेवला की पातं घसरतं. पाय कलता केला की एक धार बर्फात रुतते आणि तिच्यावर जोर देऊन पुढची झेप घेता येते. काही झेपांतच माणूस ताशी तीस किलोमीटरच्या वर पोचतो. चेंडूऐवजी असते टणक रबराची चकती, पक. ती तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची आणि साधारण १६० ग्रॅम वजनाची असते. बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी ती चक्क गोठवून ठेवतात. जोरदार फटका बसला तर तिचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जातो. रिंकभोवती कठड्याची भिंत असते आणि पक ज्याच्याकडे आहे त्याला अंगाने धडक देऊन त्या भिंतीवर दाबणं नियमात बसतं. एका संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक बर्फावर असतात, बाकीचे बाकावर. आजचा खेळाडू पाऊण मिनिटाच्या आसपास जीव तोडून खेळतो आणि कठड्यावरून उडी टाकून बाकावर परततो. दुसरा आत उडी घेतो, आणि खेळ मात्र थांबत नाही. एवढ्या वेळात मांड्यांमधली चटकन मिळणारी शक्ती संपलेली असते, आणि थकलेल्या पायांनी वळणं म्हणजे पुढच्या धडकेला आमंत्रण देणं.

अशा खेळात बहुतेकांची कारकीर्द तिशी-पस्तिशीत आटोपते. गॉर्डी हाऊ एनएचएलमध्ये पहिला सामना खेळला तो १६ ऑक्टोबर १९४६ रोजी. भारत स्वतंत्र व्हायला तेव्हा दहा महिने बाकी होते. शेवटचा सामना खेळला एप्रिल १९८० मध्ये. एनएचएलचे सव्वीस हंगाम, दुसऱ्या लीगचे सहा, मिळून बत्तीस. तेही बहुतांश काळ डोक्यावर हेल्मेट नसताना.

तो जन्मला ३१ मार्च १९२८ रोजी, कॅनडाच्या सॅस्कॅचवन प्रांतातल्या फ्लोरल या खेड्यात, आणि वाढला जवळच्या सॅस्काटून शहरात. नऊ भावंडं, मंदीचे दिवस. एक गरजू बाई दारोदार फिरून घरातलं सामान विकत होती. गॉर्डीच्या आईने तिची नड पाहून तिच्याकडून एक पोतं विकत घेतलं. त्यात स्केट्सचा एक जोड निघाला. एक पाय गॉर्डीने पळवला, दुसरा बहिणीने, आणि दोघं एकेका स्केटवर बर्फात घसरू लागली. शाळेत तो मागे पडायचा. तिसरीत दोनदा नापास झाला. अक्षरं वाचायला त्याला जड जात, हे अपंगत्व ओळखणारं तेव्हा कोणी नव्हतं. उन्हाळ्यात वडिलांबरोबर बांधकामावर सिमेंटच्या गोण्या उचलायच्या आणि हिवाळ्यात अंधार पडेपर्यंत बर्फावर राहायचं, यात मुलगा रुंद खांद्यांचा, मोठ्या हातांचा आणि कमालीचा बुजरा झाला. पंधराव्या वर्षी न्यूयॉर्क रेंजर्सच्या शिबिराला गेला, पण घरच्या आठवणीने टिकला नाही. पुढच्या वर्षी डेट्रॉइट रेड विंग्जने त्याला करारबद्ध केलं. पैशांखेरीज त्याने एकच गोष्ट मागितली: संघाचं जॅकेट. ते द्यायलाही मालक मंडळींनी खूप वेळ लावला.

त्या काळी एनएचएलमध्ये अवघे सहा संघ होते. म्हणजे साऱ्या उत्तर अमेरिकेत या लीगच्या नोकऱ्या जेमतेम सव्वाशे. खालच्या लीगमध्ये शेकडो तरुण वाट पाहत बसलेले. जो दुखापतीने घरी बसला त्याची जागा दुसऱ्या दिवशी भरली जायची. म्हणून लोक चेहऱ्यावर टाके घालून त्याच सामन्यात परत उतरत. प्रवास आगगाडीने व्हायचा. झोपायचे खालचे बर्थ छोट्या क्रमांकाच्या खेळाडूंना मिळत. हाऊचा क्रमांक सुरुवातीला १७ होता. संघातला ९ क्रमांक मोकळा झाला तेव्हा खालचा बर्थ मिळेल म्हणून त्याने तो घेतला. नंतर याच ९ क्रमांकाच्या ओढीने एका मुलाने तो मागितला. संघात तो आधीच दुसऱ्याकडे होता, म्हणून त्याने ९९ घातला. तो मुलगा म्हणजे ग्रेट्स्की. आगगाडीतल्या झोपेच्या सोयीतून या खेळातले दोन सर्वांत पूज्य क्रमांक निघाले, हे मला फार आवडतं.

२८ मार्च १९५० रोजी ही कारकीर्द संपलीच होती. टोरंटोविरुद्धच्या सामन्यात टेड केनेडीला धडक द्यायला हाऊ झेपावला, केनेडी निसटला आणि हाऊचं डोकं कठड्यावर आपटलं. कवटीला तडा गेला. मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी त्या रात्री डॉक्टरांनी कवटीला भोक पाडलं. तो जगेल का, याचीच खात्री नव्हती. त्या वसंतात डेट्रॉइटने स्टॅन्ले कप हा एनएचएलचा चषक जिंकला तेव्हा पट्टी बांधलेल्या डोक्यावर हॅट घालून तो बर्फावर आला आणि लोकांनी त्याच्या नावाचा घोष केला. डोळ्यांची फडफड मात्र त्याला जडली ती कायमची. सहकारी त्यावरून त्याला टोपणनावाने हाक मारत. तरीही पुढच्या हंगामात तो सगळेच्या सगळे सत्तर सामने खेळला आणि ८६ गुणांसह लीगमध्ये पहिला आला. या खेळात गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि गोलसाठी पास देणाऱ्यालाही एक. त्या हंगामापासून लागोपाठ चार वर्षं गुणांमध्ये पहिला हाऊच होता.

इथे ते कोडं उभं राहतं. ज्या माणसाची कवटी एकविसाव्या वर्षी फुटली, तो पन्नाशीपर्यंत कसा टिकला? ताकद म्हणावी तर त्याच्याइतके दणकट आणखी होते. वेग म्हणावा तर त्याच्याहून वेगवान कितीतरी होते. माझं उत्तर असं आहे: हाऊने आपल्याभोवती जागा निर्माण केली, आणि बर्फावर जागा म्हणजे वेळ. समोरचा दोन हात लांब राहिला तर पक थांबवून, मान वर करून, कुठे टाकायचा ते बघता येतं. समोरचा अंगाला भिडलेला असेल तर घाईत मारावा लागतो, घाईत वळावं लागतं, आणि घाईतच गुडघे, खांदे, मनगटं जातात.

ही जागा त्याने कोपराने मिळवली. कोपऱ्यात पकसाठी झोंबाझोंबी सुरू झाली की हाऊचं कोपर समोरच्याच्या जबड्यापर्यंत पोचायचं. कोपर मारणं नियमबाह्य आहे, त्याला दोन मिनिटांची शिक्षा असते. पण पंचाचं लक्ष कुठे आहे हे ओळखण्यात तो तरबेज होता. कोणी त्याला आडवं पाडलं तर तो लगेच काही करत नसे. कधी त्याच सामन्यात, कधी महिन्याभराने, हिशेब चुकता व्हायचा. फेब्रुवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लू फाँटिनाटो हा लीगमधला नावाजलेला मारामारीबहाद्दर त्याच्या अंगावर धावून गेला. काही क्षणांत फाँटिनाटोचं नाक मोडलं होतं. त्याच्या सुजलेल्या चेहऱ्याची छायाचित्रं लाइफ साप्ताहिकात छापून आली. त्यानंतर हाऊशी हात करायला फारसं कोणी पुढे आलं नाही. एका सामन्यात एक गोल, एक पास आणि एक मारामारी करण्याला आजही हॉकीत ‘गॉर्डी हाऊ हॅट्ट्रिक’ म्हणतात. गंमत अशी की एवढ्या प्रदीर्घ कारकिर्दीत त्याच्या स्वतःच्या नावावर ती फक्त दोनदा आहे. नाव झाल्यावर मारामारीची गरजच उरली नव्हती.

याला खिलाडूवृत्ती म्हणता येणार नाही. ज्यांचे दात पडले त्यांना या जागेची किंमत मोजावी लागली, आणि हाऊवर प्रेम करणाऱ्या माणसानेही हे लपवू नये. पण कोपर हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं त्याच्या सावकाशपणात होतं. त्याच्या धावण्यात धडपड नसायची. लांब, आळसावलेल्या वाटणाऱ्या झेपा टाकत तो जात असे, आणि जिथे पोचायचं तिथे वेळेवर असे. हाती स्टिक होती जुनी, सरळ पात्याची. साठच्या दशकात वाकलेल्या पात्याच्या स्टिक आल्या, त्यांनी फटका धारदार झाला, पण तो एकाच बाजूने नीट मारता येतो. सरळ पात्याला उजवं-डावं नसतं. हाऊ दोन्ही हातांनी सारखाच खेळायचा. बचाव करणारा एका बाजूने त्याला कठड्याकडे रेटत आणायचा आणि हा मध्येच हातांची जागा बदलून दुसऱ्या बाजूने गोल मारायचा. ज्याला वळण्याची गरज नाही त्याची शक्तीही वाचते. मोरिस रिशार या खेळाडूचा एनएचएलमधला ५४४ गोलचा विक्रम त्याने नोव्हेंबर १९६३ मध्ये मोडला. १९४९-५० पासून १९६८-६९ पर्यंत, सलग वीस हंगाम, तो गुणांच्या यादीत पहिल्या पाचांत होता. यातल्या शेवटच्या हंगामात त्याने आयुष्यात पहिल्यांदाच एनएचएलमध्ये शंभर गुणांचा टप्पा ओलांडला. दुसऱ्या दिवशी त्याचा एक्केचाळिसावा वाढदिवस होता.

पैशाच्या बाबतीत मात्र हा माणूस भोळा राहिला, आणि त्याचं वाईट वाटतं. व्यवस्थापक जॅक ॲडम्स सांगेल तो आकडा तो मान्य करत गेला. १९५७ मध्ये त्याचाच जिवलग साथीदार टेड लिंडसे खेळाडूंची संघटना उभी करत होता, तेव्हा हाऊ त्याच्यामागे उभा राहिला नाही. लिंडसेची रवानगी शिकागोला झाली आणि संघटना मोडली. पुढे अकरा वर्षांनी नव्याने आलेल्या सहकाऱ्याकडून हाऊला कळलं की आपल्याच संघात आपल्याहून जास्त पगार घेणारे आहेत. नव्वदच्या दशकात निवृत्त खेळाडूंनी निवृत्तिवेतनाच्या निधीवरून लीगला कोर्टात खेचलं, त्या खटल्यात मात्र हाऊ होता, आणि खेळाडू जिंकले.

१९७१ मध्ये संधिवाताने जर्जर झालेलं मनगट घेऊन तो निवृत्त झाला. डेट्रॉइटने त्याला उपाध्यक्ष केलं. हुद्दा होता, काम नव्हतं. १९७२ मध्ये तो हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. इथेच चरित्र संपायचं. पण त्याच सुमारास वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही नवी लीग सुरू झाली होती. एनएचएल वीस वर्षांखालच्या मुलांना घेत नसे. नव्या लीगने ते बंधन पाळलं नाही. ह्यूस्टन एअरोज संघाचा प्रशिक्षक बिल डिनीन हा हाऊचा जुना सहकारी. त्याने मार्क आणि मार्टी या हाऊच्या मुलांना घेण्याचं ठरवलं, तेव्हा बापानेच विचारलं, मी आलो तर? घरातले व्यवहार बघायची त्याची पत्नी कोलीन. करारांची बोलणी तिने हाती घेतली आणि हाऊला पहिल्यांदा त्याच्या योग्यतेचे पैसे मिळाले. मनगटावर शस्त्रक्रिया झाली. सुरुवातीच्या सरावात ह्यूस्टनच्या दमट हवेत त्याचा जीव मेटाकुटीला आला. पण हंगाम संपला तेव्हा पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांच्या या माणसाचे शंभर गुण झाले होते, संघाने चषक जिंकला होता आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला होता. दोन वर्षांनी पुन्हा १०२ गुण. मुलं बर्फावर त्याला ‘डॅड’ म्हणायला कचरत, कारण प्रतिस्पर्ध्यांसमोर ते कसं दिसेल, असं वाटे. तो मात्र मुलांच्या अंगाला कोणी हात लावला की पुढचा हिशेब स्वतःच्या कोपराकडे घ्यायचा.

कुणी म्हणेल, नवी लीग कच्ची होती, संघ वाढल्याने दर्जा उतरला होता. हा आक्षेप खरा आहे. सहा संघांच्या लीगमध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी शंभर गुण कोणालाच मिळाले नसते, हाऊलाही नाही. पण १९७९ मध्ये नव्या लीगचे चार संघ एनएचएलमध्ये विलीन झाले आणि हाऊ तोवर ज्या संघात गेला होता तो हार्टफर्ड व्हेलर्स त्यांतला एक होता. म्हणजे परीक्षा पुन्हा जुन्याच केंद्रावर. एकवीस संघ, त्याच्या मुलांच्या वयाचे प्रतिस्पर्धी, खूप वाढलेला वेग. २९ फेब्रुवारी १९८० रोजी त्याने एनएचएलमधला आठशेवा गोल केला. त्या मार्चमध्ये मार्टीही संघात आला आणि तिघे हाऊ एकत्र खेळले. त्याआधी फेब्रुवारीत डेट्रॉइटमध्ये ऑल-स्टार सामना झाला. एकवीस हजार लोक. सगळ्यांत शेवटी त्याला बोलावलं गेलं तेव्हा टाळ्या थांबेनात. तो अवघडून बाकाकडे निघून गेला, तरी थांबेनात. त्याने त्या सामन्यात एका गोलसाठी पासही दिला.

मला सर्वांत बोलके वाटतात ते दोन आकडे. अठराव्या वर्षी, पहिल्या हंगामात, त्याने सात गोल केले होते. शेवटच्या हंगामात, बावन्नावं लागलं तेव्हा, पंधरा.

एनएचएलमधले त्याचे ८०१ गोल ग्रेट्स्कीने १९९४ मध्ये मागे टाकले, नंतर अलेक्झांडर ओवेचकिननेही. १,७६७ सामन्यांचा विक्रम एप्रिल २०२१ मध्ये पॅट्रिक मार्लोने मोडला. असे विक्रम मोडतात, कारण खेळाडू आता बारा महिने तयारी करतात, विमानाने फिरतात, हंगामही लांबले आहेत. वयाच्या बाबतीत त्याच्या जवळ जाणारे फार थोडे. झेक खेळाडू यारोमिर यागर पन्नाशी ओलांडूनही आपल्या गावच्या क्लाद्नो संघात खेळत राहिला. पण तेव्हा तो संघ त्याच्या स्वतःच्या मालकीचा होता, आणि एनएचएलमधला त्याचा शेवटचा सामना पंचेचाळिसाव्या वर्षीचा. एनएचएलमध्ये हाऊच्या खालोखाल वय गाठलं ते बचावपटू ख्रिस चेलिऑसने. २०१० मध्ये अटलांटाकडून खेळताना तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, म्हणजे हाऊहून चार वर्षांनी लहान. त्या शेवटच्या हंगामात चेलिऑस एनएचएलचे सात सामने खेळला. हाऊ आपल्या शेवटच्या हंगामात ऐंशीपैकी ऐंशी खेळला होता.